संगणक संथ झाला आहे, की कशाची तरी वाट पाहतो आहे?

ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकल्यानंतर संगणक सुरू व्हायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ घेऊ लागला, अशी तक्रार करणारी पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांतली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण वेळ नेमका कुठे जातो हे शोधण्याची जी रीत त्यात आली आहे, ती बाकीच्या तिन्ही पत्रांनाही लागू पडते.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकात पूर्वी एकच हार्ड डिस्क होती आणि तिच्यावर विंडोज १० होते. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०च्या पाठबळाची मुदत संपली, म्हणून मी नवी एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि तिच्यावर विंडोज ११ टाकले. जुनी हार्ड डिस्क तिच्यातल्या फायलींसाठी आत तशीच ठेवली आहे. एसएसडीमुळे संगणक काही सेकंदांत सुरू होईल अशी अपेक्षा होती, पण बटण दाबल्यापासून काम करता येईपर्यंत सुमारे अडीच मिनिटे जातात, आणि रीस्टार्ट केले तर त्याहूनही जास्त. मध्येच निळा पडदा येतो, त्यावर दोन विंडोजची नावे दिसतात. काही न करता थांबले तर संगणक आपोआप पुढे जातो. परिचितांपैकी एकाने रजिस्ट्री (विंडोजच्या निवडींची नोंदवही) साफ करायला सांगितले, दुसऱ्याने प्रीफेच नावाचे फोल्डर रिकामे करायला, आणि तिसऱ्याने एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसे सुरू व्हावे हे ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये) जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवायला. यांपैकी काय करावे, की सगळे पुन्हा फॉरमॅट करावे?

उत्तर : पुन्हा फॉरमॅट करण्याची घाई कृपया करू नका. उशिराचे कारण विंडोजच्या बाहेर असेल, तर विंडोज कितीही वेळा टाकले तरी ते कारण जागच्या जागी राहील, आणि आपल्या वर्णनावरून ते बाहेरच असावे असे मला वाटते.

आधी एक भेद ध्यानात घ्यावा, कारण पुढचा सगळा शोध त्यावर उभा आहे. सुरू होताना संगणक जो वेळ घेतो तो दोन प्रकारचा असतो. कधी तो खरोखर काम करत असतो. फायली वाचतो, ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) चढवतो, प्रोग्राम सुरू करतो, आणि हे काम जास्त असल्यामुळे किंवा डिस्क मंद असल्यामुळे उशीर होतो. कधी मात्र तो काहीच करत नसतो. जागेवर नसलेल्या उपकरणाची किंवा न येणाऱ्या उत्तराची तो वाट पाहत असतो आणि नेमून दिलेली मुदत संपली की मुकाट्याने पुढे जातो. समोर बसलेल्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. ओळखण्याची खूण अशी, की कामामुळे लागणारा वेळ रोज थोडा कमीजास्त होतो, आणि वाट पाहण्याचा वेळ मात्र दररोज अगदी तेवढाच असतो. विंडोज ७मध्ये एक दोष होता : डेस्कटॉपसाठी चित्राऐवजी एकच सपाट रंग निवडला, तर स्वागताचा पडदा ३० सेकंद तसाच राहत असे. त्या काळात अनेकांनी संगणक मंद झाला असे समजून रॅम वाढवली असेल. पण तिथे रॅमचा काहीच संबंध नव्हता, केवळ एका न येणाऱ्या निरोपाची वाट पाहिली जात होती. त्यामुळे उशीर जर नेमका ३० सेकंद किंवा नेमका दीड मिनिट असेल, तर कोणतीतरी मुदत चालू आहे असा संशय सर्वप्रथम घ्यावा.

आता मोजमाप. सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या आणि तीन वेळा लिहून ठेवा : बटण दाबल्यापासून विंडोजचे फिरणारे ठिपके दिसेपर्यंत, ठिपक्यांपासून पासवर्ड मागणारा पडदा येईपर्यंत, आणि पासवर्ड दिल्यापासून एखादा प्रोग्राम विनाअडथळा उघडेपर्यंत. हे मोजताना संगणक बंद करून चालू करू नका, रीस्टार्ट करा. त्याचे कारण असे, की २०१२ साली आलेल्या विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. आपण ‘शट डाउन’ करतो तेव्हा आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणीची स्थिती डिस्कवरील एका फाइलमध्ये साठवली जाते आणि पुढच्या वेळी ती थेट परत वाचली जाते. रीस्टार्टमध्ये ही सवलत नसते. सर्व काही आरंभापासून चढते. आपल्याकडे रीस्टार्टला जास्त वेळ लागतो याचे एक स्पष्टीकरण हेच आहे, आणि खरा आजार रीस्टार्टमध्येच उघडा पडतो म्हणून मोजमाप त्याचे करायचे.

घड्याळाला दुजोरा देणाऱ्या दोन नोंदी विंडोज स्वतः ठेवते. टास्क मॅनेजर उघडून त्यातल्या ‘स्टार्टअप ॲप्स’ या पानावर गेलात, तर वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ असा आकडा दिसतो. विंडोजच्या हाती कारभार येण्यापूर्वी मदरबोर्डने, म्हणजे त्यावरच्या बायोस या मूळ प्रोग्रामने, किती सेकंद घेतले, ते हा आकडा सांगतो. तो पाच-दहा सेकंदांच्या आसपास असेल तर त्या टप्प्याची काळजी सोडून द्यावी. तीस-चाळीस असेल तर विंडोजमध्ये कितीही शोधले तरी काही सापडणार नाही. दुसरी नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असते. तिथे ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स असे आत जात ‘ऑपरेशनल’ या नोंदवहीपाशी पोहोचावे. १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्याचा एकूण वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. त्याच नोंदीच्या तपशिलात डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ आणि त्यानंतर संगणक शांत होईपर्यंतचा वेळ असे दोन वेगळे आकडे मिळतात. १०१ म्हणजे एखाद्या प्रोग्रामने, १०२ म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने आणि १०३ म्हणजे एखाद्या सेवेने (पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामने) नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. त्यात नाव लिहिलेले असते, त्यामुळे अंदाज बांधण्याची गरज उरत नाही.

आपल्या पत्रातला सर्वांत बोलका तपशील म्हणजे तो निळा पडदा. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० अजून शाबूत असल्याने नव्या विंडोजने दोघांचीही नावे यादीत ठेवली आहेत, आणि आपण कोणते निवडता याची वाट ती यादी सहसा ३० सेकंद पाहते. आपल्या अडीच मिनिटांतला अर्धा मिनिट बहुधा इथेच जातो. विंडोज कळ आणि आर एकत्र दाबून एमएसकॉन्फिग उघडा, ‘बूट’ या पानावर जा, सध्या चालू असलेले विंडोज कोणते ते त्याच्यापुढे लिहिलेले असते, ते सोडून दुसरी नोंद निवडून काढून टाका. यातून फक्त यादीतले नाव जाते, जुन्या डिस्कवरची एकही फाइल पुसली जात नाही.

उरलेल्या वेळासाठी मला संशय आहे तो जुन्या हार्ड डिस्कचा. विंडोज टाकणारा प्रोग्राम आधीपासून असलेला सुरुवातीचा छोटा विभाग (संगणक सुरू करणाऱ्या फायलींसाठी डिस्कवर राखलेला भाग) सापडला, तर नव्या डिस्कवर वेगळा न बनवता बरेचदा तोच वापरतो. परिणामी विंडोज एसएसडीवर असते, पण त्याला जागे करणाऱ्या फायली जुन्या डिस्कवर राहतात. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ हे शब्द कोणत्या डिस्कच्या ओळीत आहेत ते पाहा. जुन्या डिस्कच्या ओळीतच असतील, तर संगणक रोज त्या डिस्कच्या तबकड्या गती घेईपर्यंत थांबतो. डिस्क ठणठणीत असेल तर यात काही सेकंदच जातात. पण ती खराब होऊ लागली असेल, तर न वाचता येणारा भाग ती पुन्हापुन्हा वाचू पाहते आणि प्रत्येक प्रयत्नाला विंडोज तिच्यासाठी ताटकळते. सुरुवातीचा विभाग तिच्यावर नसला तरी हे घडू शकते, कारण जोडलेली प्रत्येक डिस्क विंडोज सुरू होताना तपासून पाहतेच.

डिस्कची प्रकृती तपासणे अवघड नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी दाखवतो. त्यांपैकी तीन पाहाव्यात. ५ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब झाल्यामुळे बदलाव्या लागलेल्या जागा, १९७ क्रमांकाची म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी अडकून पडलेल्या जागा, आणि १९९ क्रमांकाची म्हणजे डिस्क व मदरबोर्ड यांच्यात माहिती येताजाता झालेल्या चुका. पहिल्या दोन शून्याहून अधिक असतील, विशेषतः १९७, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी त्या डिस्कवरच्या फायलींची प्रत काढा. तिसरी नोंद वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून केबलचा असतो. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या संगणकात एसएसडी बसवताना शेजारच्या डिस्कची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) किंचित सैल झाली होती. सुरू व्हायला दोन मिनिटे लागू लागली, मी विंडोजला दोष दिला आणि दोन वेळा ते पुन्हा टाकले. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टीम’ नोंदवहीत १५३ आणि १२९ या क्रमांकांच्या नोंदींची रांग लागली होती, ती मी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. १५३ म्हणजे डिस्ककडे केलेली मागणी पुन्हा करावी लागली, १२९ म्हणजे उत्तर न आल्यामुळे जोडणी नव्याने सुरू करावी लागली. केबल बदलल्यावर उशीर संपला. दोन दिवसांचे ते श्रम वाया गेल्यापासून मी नोंदी पाहिल्याशिवाय काहीही पुसत नाही, आणि आपणही पुसू नये असे मनापासून वाटते.

संशय पक्का करण्याचा थेट मार्ग म्हणजे संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढणे आणि मग तो सुरू करून पाहणे. झटकन सुरू झाला, तर दोषी सापडला. मुळीच सुरू झाला नाही, तर सुरुवातीचा विभाग जुन्या डिस्कवर आहे हे सिद्ध झाले; केबल परत जोडल्या की संगणक पूर्ववत सुरू होईल. हा प्रयोग करण्यापूर्वी, किंवा बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी, एक काळजी अवश्य घ्या. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खाते वापरून नव्याने टाकल्या, तर अनेक संगणकांवर डिस्कचे कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन) आपोआप सुरू होते, आणि असा बदल झाल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली आहे ना, हे आधी पाहून ती कागदावर उतरवून ठेवावी.

सुरुवातीचा विभाग जुन्या डिस्कवर निघाला, तर पुढे दोन वाटा आहेत. एसएसडीवर नवा छोटा विभाग तयार करून त्यात सुरुवातीच्या फायली लिहिता येतात. त्यासाठीची आज्ञा विंडोजमध्येच असते, पण विभागांशी खेळताना हात चुकला तर सर्वस्व जाते, म्हणून हे काम सरावाच्या माणसाने करावे. दुसरी वाट म्हणजे जुनी डिस्क काढून ठेवून, केवळ एसएसडी जोडलेली असताना विंडोज पुन्हा टाकणे. सुरुवातीला मी फॉरमॅटला नकार दिला होता, पण या एका स्थितीत तोच मार्ग सर्वांत स्वच्छ आहे, कारण आपल्या नव्या विंडोजमध्ये अजून फारसे काही साठलेले नाही. यापुढे केव्हाही ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना, जिच्यावर ती टाकायची ती एकच डिस्क जोडलेली असावी.

पहिला टप्पाच लांबत असेल, म्हणजे लास्ट बायोस टाइमचा आकडा मोठा असेल, तर बायोसमधला सुरुवातीचा क्रम पाहावा. विंडोज टाकण्यासाठी पेन ड्राइव्ह पहिल्या क्रमांकावर आणला जातो आणि नंतर तो क्रम तसाच राहून जातो. त्यातच नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय वर आलेला असेल, तर संगणक दररोज नसलेल्या सर्व्हरला हाक मारत बसतो. ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर ठेवावा आणि नेटवर्कचा पर्याय बंद करावा. तिसरा टप्पा लांबत असेल, तर टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप ॲप्सच्या यादीतून नको ते प्रोग्राम बंद करावेत. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एक काढावाच.

परिचितांनी सुचवलेल्या तिन्ही गोष्टी करू नयेत. कोऱ्या विंडोजच्या रजिस्ट्रीत साफ करण्याजोगे काही नसते, आणि साफसफाईच्या प्रोग्रामने चुकीची नोंद पुसली तर नवे दुखणे मात्र उभे राहते. प्रीफेचच्या फोल्डरमध्ये कोणता प्रोग्राम सुरू होताना कोणत्या फायली लागतात याची टिपणे असतात. ती पुसली की विंडोजला ती पुन्हा जमवावी लागतात आणि तोवर वेग घटतो. एमएसकॉन्फिगमधली प्रोसेसरची संख्या ही कमाल मर्यादा घालण्यासाठी, चाचणीकरिता दिलेली सोय आहे. ती न निवडता विंडोज सर्वच प्रोसेसर वापरते, म्हणून तिथे खूण केल्याने लाभ काहीच नाही आणि आकडा चुकला तर तोटा आहे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी नाही, हार्ड डिस्कच आहे. चार दिवसांपूर्वी विंडोज ११ नव्याने टाकले. सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे १०० टक्के दिसते आणि काहीच उघडत नाही. डिस्क बिघडली आहे का?

उत्तर : इथे संगणक वाट पाहत नाही, तो खरोखर कामात आहे. नवे विंडोज पहिल्यांदा पडद्यावर येते तेव्हा ते टाकण्याचे काम आपल्या दृष्टीने संपलेले असते, विंडोजच्या दृष्टीने नव्हे. ते एकीकडे अद्ययावत भाग (अपडेट) उतरवून घेते, दुसरीकडे शोधसूची तयार करण्यासाठी प्रत्येक फाइल वाचते, डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस त्याच फायली तपासतो, क्लाउडवरच्या फायली खाली येऊ लागतात आणि कूटबद्धीकरण चालू असेल तर डिस्कचा भाग न् भाग पुन्हा लिहिला जातो. ही कामे रिकाम्या वेळात करण्याची विंडोजची योजना असते. परंतु आपण काम संपताच लॅपटॉप मिटवत असाल तर तो रिकामा वेळ विंडोजला कधी मिळतच नाही, आणि अर्धवट राहिलेले सगळे दुसऱ्या दिवशी पुन्हा डोके वर काढते. म्हणून चार्जर लावून, झोपेची (स्लीप) मुदत बंद ठेवून, लॅपटॉप एक-दोन रात्री चालू राहू द्यावा आणि प्रलंबित अद्ययावत भाग शिल्लक राहणार नाहीत तोवर रीस्टार्ट करत राहावे.

आठवडा उलटूनही हीच स्थिती असेल, तर आधीच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे डिस्कच्या ५ आणि १९७ या नोंदी पाहाव्यात. त्या शून्य असतील तर डिस्क बिघडलेली नाही, ती तिच्या स्वभावानुसारच चालते आहे, आणि हे मी थोडे हिशेबाने दाखवतो. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि ते टोक योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. अशा प्रकारे विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना ही डिस्क सेकंदाला पन्नास-साठ वाचनेच करू शकते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ती तेवढ्याच वेळात हजारो वाचने करते. सुरू होताना विंडोजला लागणाऱ्या फायली छोट्या आणि विखुरलेल्याच असतात. विंडोज ११च्या किमान गरजांच्या यादीत रॅम आणि साठवण यांविषयी ४ जीबी आणि ६४ जीबी एवढेच लिहिलेले आहे, साठवण कोणत्या जातीची असावी हे लिहिलेले नाही; त्यामुळे हार्ड डिस्कवर ते टाकता येते, पण सुखाने चालत नाही. रॅम ४ जीबीच असेल तर कमी पडणारी रॅम भरून काढण्यासाठीही डिस्कच वापरली जाते आणि दुखणे दुप्पट होते. आपल्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या संगणकावर लिनक्स आहे. त्याच डिस्कवर लिनक्सचेच दुसरे एक वितरण वापरून पाहावे म्हणून नव्याने टाकले. नवे छान चालते, पण ज्याला मी हातही लावला नाही ते जुने लिनक्स आता सुरू होताना दीड मिनिट अडते. पडद्यावर ‘ए स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ येते आणि पुढे सेकंद मोजले जातात. असे का व्हावे?

उत्तर : नेमका दीड मिनिट ही मुदतीची खूण आहे, आणि ती ओळ प्रामाणिकपणे सांगते आहे की संगणक कोणाची वाट पाहतो आहे. ती शेवटपर्यंत वाचलीत तर तिच्यात एका डिस्क-विभागाची लांबलचक ओळख लिहिलेली आढळेल.

घडले ते असे. दोन्ही लिनक्स एकच स्वॅप विभाग (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) वापरू शकतात. दुसरे वितरण टाकताना त्याने तो स्वॅप विभाग नव्याने फॉरमॅट केला, आणि फॉरमॅट झाला की विभागाला यूयूआयडी नावाची नवी ओळख मिळते. जुन्या लिनक्सच्या एफएसटॅब या, कोणते विभाग जोडायचे याची यादी असलेल्या फाइलमध्ये मात्र जुनीच ओळख लिहिलेली आहे. सुरू होताना ते त्या जुन्या ओळखीचा विभाग शोधते, तो या जगात उरलेला नसतो, म्हणून सिस्टीमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट पाहून तो नाद सोडते.

उपाय छोटा आहे. जुन्या लिनक्समध्ये जाऊन बीएलकेआयडी ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवा. ती सर्व विभागांच्या सध्याच्या ओळखी दाखवते. ईटीसी फोल्डरमधील एफएसटॅब उघडण्यापूर्वी तिची एक प्रत काढून ठेवा, मग स्वॅपच्या ओळीतली जुनी ओळख खोडून नवी लिहा. डेबियनच्या कुळातल्या वितरणांत हीच जुनी ओळख आणखी एका ठिकाणी दडलेली असू शकते : हायबरनेशनमधून (सगळी स्थिती डिस्कवर साठवून बंद होण्याच्या सोयीतून) परत येण्यासाठी ‘रिझ्यूम’ नावाच्या फाइलमध्ये ती लिहून ठेवलेली असते. तीही दुरुस्त करावी आणि त्यानंतर इनिटरॅमएफएस (अगदी आधी चढणारा छोटा फाइलसंच) नव्याने तयार करण्याची आज्ञा द्यावी, नाहीतर अगदी सुरुवातीलाच होणारा एक वेगळा, काही सेकंदांचा अडथळा कायम राहील. एफएसटॅबमध्ये बाहेरून जोडायच्या डिस्कची नोंद असेल तर तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द घालावा, म्हणजे ती डिस्क जोडलेली नसली तरी संगणक तिच्यासाठी खोळंबणार नाही.

पुढे केव्हाही लिनक्स रेंगाळले तर सिस्टीमडी-अनालाइझ ही आज्ञा द्यावी. मदरबोर्ड, लोडर (लिनक्स चढवणारा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि नंतरच्या सेवा यांनी प्रत्येकी किती वेळ घेतला ते ती एका ओळीत सांगते. तिच्यापुढे ‘ब्लेम’ लिहिले तर सेवांची यादी वेळेच्या उतरत्या क्रमाने येते. या यादीबाबत मात्र सावध राहावे : सेवा एकाच वेळी समांतर चालतात, म्हणून यादीत सर्वांत वर असलेली सेवा सर्वांना अडवत असेलच असे नाही. कोणामुळे कोण अडले हे पाहायचे असेल तर ‘क्रिटिकल-चेन’ हा पर्याय वापरावा. नेटवर्क जोडले जाण्याची वाट पाहणारी सेवा त्या साखळीत पुष्कळदा सापडते, आणि घरगुती संगणकावर ती बहुतेक वेळा निर्धास्त बंद करता येते.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकल्यापासून संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर एफ१ दाबा असा संदेश येतो आणि दाबेपर्यंत तो पुढे जात नाही. तारीखही रोज चुकलेली असते. विंडोज चुकीचे टाकले गेले का?

उत्तर : विंडोजचा इथे दोष नाही, दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या एवढेच. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते, बहुतांश संगणकांत ती सीआर२०३२ या जातीची, ३ व्होल्टची असते. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम तिचे, आणि अनेक मदरबोर्डांत बायोसच्या निवडी टिकवण्याचेही. काही वर्षांनी ती संपते. मग प्रत्येक वेळी वीज गेली की बायोस मूळ स्थितीला जातो, तारीख मागे पडते आणि मदरबोर्ड आपल्याला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. संगणकाची वीजजोडणी काढून ती बॅटरी बदला, बायोसमध्ये तारीख व वेळ भरा, सुरुवातीच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आहे ना हे पाहा आणि निवडी जतन करून बाहेर या. तारीख दुरुस्त झाली की, चुकीच्या तारखेमुळे काही संकेतस्थळे असुरक्षित असल्याचे सांगून उघडत नसतील, तर तीही उघडू लागतील.